मदत हवी आहे: सासऱ्यांना घेऊन स्नोशूची एक दिवसाची सहल, लोनसम लेक की झीलंड?

नमस्कार मंडळी,

आम्ही बॉस्टनजवळ राहतो. सासरे यंदा पुण्याहून ऐन थंडीत आले आहेत. वय ६६, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात, बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. बर्फ पडल्यापासून "डोंगरात कधी नेताय?" एवढंच चालू आहे. मलाही त्यांना न्यायचंच आहे. इथल्या थंडीत आपली वडीलधारी मंडळी खिडकीशी बसून दिवस काढतात, ते मला बघवत नाही.

बेत असा: फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये जायचं, स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चपट्या) घालून अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबच्या एखाद्या हटपर्यंत (डोंगरातल्या मुक्कामाच्या निवाऱ्यापर्यंत) चालायचं, तिथे डबा खायचा आणि उजेडात परत यायचं. मुक्काम नाही. मी आणि नवरा याआधी स्नोशूवर चाललो आहोत, पण सपाटीवरच.

दोन जागा डोळ्यासमोर आहेत. फ्रँकोनिया नॉचमधल्या लाफायेट प्लेसहून लोनसम लेक हट, एका बाजूने १.६ मैल आणि सुमारे १,००० फूट चढ. दुसरी झीलंड फॉल्स हट. तिची वाट जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या मार्गावरून जाते म्हणून चढ सौम्य, शेवटचा तुकडा तेवढा उभा. पण हिवाळ्यात झीलंड रोड बंद असतो, गाडी रूट ३०२ पाशीच ठेवावी लागते. म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ १३ मैल. नवरा म्हणतो, बाबांना अंतराचं काही वाटत नाही, झीलंडच करू. मला ते पटत नाहीये, पण नेमकं का ते सांगता येत नाही.

सिंहगडाच्या मानाने लोनसम लेकचा चढ साधारण निम्माच आहे. पण उणे दहा अंशांत तो हिशोब लागू पडतो का? बाबा दमले तरी सांगणार नाहीत, हा माझा खरा प्रश्न आहे. परत फिरायचं कधी, हे कशावरून ठरवता तुम्ही? हटमध्ये दुपारी ऊब मिळते का? कपड्यांचं काय करायचं? त्यांच्याकडे सुती बनियन, लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. लोनसम लेकच करा. झीलंडची दरी सुंदर आहे, मला स्वतःला तीच जास्त आवडते. पण तिथे निम्म्या वाटेवर कुणाला थंडी भरली तर गाडी कित्येक मैल मागे असते. लोनसम लेकला कुठूनही वळलात तरी तासाभरात खाली याल. थंडीत वाट निवडताना मी आधी परतीचं अंतर बघतो, चढ नंतर.

सिंहगडावर दमलं की माणूस कट्ट्यावर बसतो, ताक पितो. इथे घामेजून बसलात की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून सुती बनियन घरीच ठेवा. सुती कापड ओलं झालं की सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, सर्वात वर वारा अडवणारं जाकीट. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, कारण चढ लागला की दहा मिनिटांत अंग तापतं. जाडजूड डाउन जाकीट सॅकमध्ये ठेवा आणि थांबलात की लगेच बाबांच्या अंगावर चढवा, त्यांनी मागायची वाट बघू नका.

लोनसम लेकची वाट वर्दळीची आहे, शनिवारी बर्फ बहुधा तुडवून घट्ट झालेला असतो. अशा वेळी मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे खिळे) जास्त सोयीचे. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर मात्र स्नोशूच घाला. नुसत्या बुटांनी गेलात तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि ते खड्डे रात्रीत गोठून मागून येणाऱ्यांचे घोटे मुरगळतात. दोन्ही सोबत ठेवा. चढाला स्नोशूच्या टाचेखालची पट्टी उभी केली की पोटऱ्यांना आराम मिळतो. बाबांना हे आदल्या दिवशी मैदानात दाखवून ठेवा.

हिवाळ्यात हट सेल्फ सर्व्हिस असते, खाणं आपलंच न्यायचं. लाकडाची शेगडी साधारण संध्याकाळी पेटवतात, तेव्हा दुपारी फक्त वाऱ्यापासून आडोसा मिळेल असं धरून चाला. थर्मासमध्ये गरम सूप किंवा चहा हवाच. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी गोठते.

वळायची वेळ घरूनच ठरवून निघा. फेब्रुवारीत सूर्य पाच ते साडेपाचच्या सुमारास मावळतो. एक वाजता जिथे असाल तिथून मागे. बाबांना "दमलात का?" विचारू नका, ते नाहीच म्हणतील. बोटं हलवून दाखवायला सांगा, जाकिटाची चेन लावायला सांगा. बोटं ऐकत नसतील किंवा बोलणं अडखळत असेल तर तिथूनच परत. आणि गोठलेल्या तळ्यावरून जाऊ नका, काठाने वाट आहे.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, थोडी भर. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना आधी फोन कराच. व्हिजिटर विम्यात डोंगरातल्या खेळांना आणि जुन्या आजारांना अनेकदा वगळलेलं असतं, पॉलिसी नीट वाचा. न्यू हॅम्पशरचं हाइक सेफ कार्डही काढा, माणशी २५ डॉलर. शोध-बचावाच्या खर्चाची वसुली निष्काळजीपणासाठी होऊ शकते, ती या कार्डाने टळते. बेपर्वाई केली असेल तर मात्र टळत नाही. कुटुंबाच्या कार्डात नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं येतात, सासऱ्यांचं वेगळं घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. परतीच्या अंतराचा मुद्दा नवऱ्याला लगेच पटला, लोनसम लेक ठरलं. डॉक्टरांशी उद्या बोलते.

आता एक विचारायचं राहिलं. स्नोशू भाड्याने घेणार आहोत. बाबांचं वजन ५८ किलो, सॅक धरून ६३. त्यांना २२ इंची पुरतील का २५ इंची घेऊ? आणि त्यांचे सह्याद्रीतले बूट घोट्यापर्यंतचेच आहेत, वर गेटर्स (बर्फ आत जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायची आवरणं) बांधून भागेल, की उंच हिवाळी बूटही भाड्याने घ्यावेत?