मानेची चकती आणि पोहणं
मानेच्या सी५-सी६ या मणक्यांमधली चकती सरकली आहे, डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली, पण पोहून आलं की हाताला मुंग्या येतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी कसं पोहता ते बघा. डोकं पाण्याबाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक मारला की मान सतत मागे वाकते आणि मणक्यांमधून हाताकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते ती जागा आणखी अरुंद होते. मलाही सी५-सी६चाच त्रास आहे. मी पाठीवर पोहायला लागलो: दोन्ही कान पाण्यात, नजर सरळ वर, हनुवटी किंचित आत. फार बरं वाटलं. फ्रीस्टाइल सोडवत नसेल तर समोरून लावायचा स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) घ्या, श्वासासाठी मान वळवावी लागत नाही. दुखणं वाढलेलं असेल त्या दिवशी छातीभर पाण्यात नुसतं चाला. मात्र हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा चालताना तोल गेला तर पोहणं थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.