बॅटरी बदलून आयपॅडचा वेग वाढत नाही

अपडेटनंतर जुना आयपॅड मंदावला, या प्रश्नावर दोघातिघांनी बॅटरी बदलायला सांगितलंय, त्याला माझा ठाम विरोध आहे. जुन्या बॅटरीमुळे प्रोसेसरचा वेग आवरता घेण्याची सोय ॲपलने २०१७ मध्ये आणली ती फक्त आयफोनसाठी. आयपॅडमध्ये ती नाहीच. तेव्हा निव्वळ वेगासाठी बॅटरी बदलायला तपकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गाठू नका. आयपॅडची काच गोंदाने पक्की चिकटवलेली असते, उघडताना तडकली तर भलताच खर्च अंगावर येतो. बॅटरी फुगली असेल, स्क्रीन एका बाजूने उचलली गेली असेल, तर मात्र वापर लगेच थांबवा आणि ती बदलाच.

मोठ्या अपडेटनंतर सर्चची सूची नव्याने बनते, फोटोंची छाननी चालते, त्यानेही आयपॅड काही काळ मंदावतो. एकदोन रात्री चार्जर लावून, वायफाय चालू ठेवून तसाच राहू द्या. नंतर सेटिंग्ज, जनरल, आयपॅड स्टोरेज उघडा. ३२ जीबीच्या मॉडेलवर चारपाच जीबी मोकळे हवेतच. ॲक्सेसिबिलिटीत मोशनखाली ‘रिड्यूस मोशन’ चालू केलं की हालचाल जरा सुटसुटीत होते. पाचव्या-सहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) २ जीबीच आहे. सफारीतले टॅब पुन्हापुन्हा लोड होतात ते त्यामुळे. तिथे टॅब कमी ठेवणं एवढंच हातात आहे.