'ट्वेल्व्ह मिनिट्स'वर अन्याय झाला का? (सावधान, रहस्यभेद आहे!)

घड्याळवाला:
ऑगस्ट २०२१ मध्ये हा गेम आला तेव्हा शेवटावरून झालेली बोंबाबोंब वाचूनच मी तो बाजूला टाकला होता. परवा संपवला. आता वाटतंय, बऱ्याच समीक्षकांनी गेम नाही, फक्त शेवटचं वळण तपासलं. तीन खोल्यांचं घर, छतावरून खाली पाहावं तसा कॅमेरा, नवरा-बायको आणि दारावर आलेला पोलीस. तो बायकोवर तिच्याच वडिलांच्या खुनाचा आरोप करतो, नवऱ्याचा, म्हणजे आपला, गळा आवळतो, की वेळ मागे फिरते आणि आपण पुन्हा दारात. एवढ्याशा जागेत गेम बनवणाऱ्या लुईस अँटोनियोने काय काय पेरलंय! कपाट, खिशातलं घड्याळ, झोपेच्या गोळ्या, बेडरूममधलं शॉक देणारं बटण. बटण आणि पोलीस यांची सांगड डोक्यात बसली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

तिसरी_फेरी:
शेवट सोडा हो, मला मधल्या भागानेच छळलं. पुढे काय होणार हे मला माहीत, नवऱ्यालाही माहीत, तरी बायकोला पटवायला तेच ते संवाद, त्याच क्रमाने. एक पाऊल चुकलं की मुसळ केरात. 'आउटर वाइल्ड्स' या दुसऱ्या गेममध्येही दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि हातात फक्त माहिती उरते. पण तिथे एकदा कोडं कळलं की यान काढायचं आणि थेट त्या ग्रहावर उतरायचं. इथे कळूनही रांगेतच उभं राहायचं. 'आउटर वाइल्ड्स'ला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार उगाच नाही मिळाला.

घड्याळवाला:
ऐकलेले संवाद पळवता येतात की. शिवाय तुलना कशाशी करताय? तिकडे अख्खी सूर्यमाला आहे, इकडे कोंडमारा हाच विषय आहे. रांगेत उभं राहून कंटाळा आला, म्हणजे नवऱ्याची अवस्था तुमच्यापर्यंत पोचली.

तिसरी_फेरी:
कंटाळा पोचवण्यात कसलं कौशल्य?

रातकिडा:
मी फक्त आवाजांसाठी घेतला होता. जेम्स मॅकअव्हॉय, डेझी रिडली, आणि पोलीस म्हणून विलेम डफो. एवढे नट जमवले आणि वरून दिसतात काय, तर तिघांची टाळकी.

मृगजळ:
घड्याळवाला, तुमच्या त्या लाडक्या बटणाबद्दल बोलू. पोलिसाला शॉक बसवायचा तो सापळा जमवायला आधी बायकोच्या पाण्यात गोळ्या मिसळता ना? तिने गोड करून ठेवलंय, बाळाचे कपडे भेट म्हणून बांधून ठेवलेत, आणि आपण तिला झोपवून पोलिसाची वाट बघतो. ती माणूस राहतच नाही, कुलूप होते. म्हणून ते नवरा-बायको एकाच वडिलांचे सावत्र भाऊ-बहीण निघतात तेव्हा धक्का बसण्याऐवजी चीड आली. तिचं काय होतं याची गेमला आधीपासूनच फिकीर नव्हती.

घड्याळवाला:
पण ते करताना तुम्ही अस्वस्थ झालात ना? मीही झालो. गेमला तेच हवं असेल तर?

मृगजळ:
हवं असतं तर नवऱ्यालाही काही वाटलं असतं. पुढच्या फेरीत तिला आठवत नाही, ठीक. त्याला तर सगळं आठवतं! तरी त्या गोळ्यांचं ओझं घेऊन तो घरात शिरलाय असं तुम्हाला एकदा तरी जाणवलं?

घड्याळवाला:
नाही जाणवलं. गोळ्यांचं मान्य.
बटणाचं मात्र नाही.