कॅनोपीला बिनआवाजाचा फॅन कुठला बसवूया?

गप्पी_अनगोळ
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये चार फुटी प्लँटेड टँक आहे, म्हणजे पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी. वर प्लायची बंद कॅनोपी, म्हणजे झाकणाची पेटी, आत ५४ वॉटच्या चार टी५ ट्यूब. दुपारी झाकण उचललं की तोंडावर वाफ येते, मे महिन्यात पाणी ३१ च्या वर जातं. वरच्या फळीत जुन्या कॉम्प्युटरचे ८० एमएमचे दोन फॅन आडवे बसवलेत, हवा बाहेर फेकणारे. आता घरघर कराय लागलेत. संध्याकाळी मालिका लागली की आई टीव्हीचा आवाज वाढवते आणि माझ्या नावानं शंख करते. एक मित्र म्हणतो इलेक्ट्रिक पॅनेलमधला चार इंची २३० व्होल्टचा घे, दुसरा म्हणतो नॉक्टुआ कंपनीचा कॉम्प्युटर फॅन घे. पहिल्याच्या आवाजाची भीती, दुसऱ्याच्या किमतीची. काय करूया सांगा की.

पॅनेलवाला_उद्यमबाग
पॅनेलचा फॅन घरात नको. आमच्याकडं मशीनच्या गोंगाटात तो चालू आहे का बंद, हे हात धरून बघावं लागतं, म्हणून खपून जातो. तुमच्या हॉलमध्ये त्याचं गुणगुणणं ऐकून आई टँकच बाहेर काढतील. रेग्युलेटर लावून वेग कमी केला तर कधीकधी जास्तच गुणगुणतो.

ब्रँडचं मागनं बघू. तुमचे फॅन बहुतेक स्लीव्ह बेअरिंगचे असणार. त्यात शाफ्ट तेल मुरलेल्या बुशात फिरतो. आडवा ठेवला आणि वर गरम हवा लागत राहिली की तेल आटतं, मग खडखड. शिवाय टँकवरची सगळी दमट हवा तुम्ही त्या मोटरमधूनच ओढताय.

म्हणून फॅन मागच्या फळीत उभा बसवा आणि बाहेरची कोरडी हवा आत ढकलूदे. समोरच्या बाजूला, वरच्या अंगाला, फॅनच्या भोकापेक्षा मोठी वाट कापा. नाहीतर हवा कोंडून आवाज वाढतो. ८० चे दोन काढून १२० एमएमचा एक घ्या, बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा. पातं मोठं असल्यानं तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर चांगला फॅन कानाला लागत नाही. व्होल्टेज बदलता येणारा अडॅप्टर आणा, १२ चा फॅन ९ वर चालवा. फक्त बंद करून परत लावल्यावर आपला आपण सुटतोय ना, एवढं बघा.

आणि स्क्रू थेट प्लायमध्ये पिळू नका. बंद कॅनोपी म्हणजे ढोलकीच, फॅनची थरथर ती मोठी करून ऐकवते. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, स्क्रू बेताचे आवळा. वायर अडॅप्टरकडं नेताना खाली एक झोळ सोडा, थेंब तिथूनच गळून जाईल.

खारंपाणी_निपाणी
माझा टँक मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा आहे, तिथं मीठ फॅन खातंय. नॉक्टुआच्या इंडस्ट्रियल मालिकेत आयपी६७ चा, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा, १२० एमएम मिळतो, पण तो पूर्ण वेगावर ओरडतो, कमी करूनच चालवावा लागतो. गोड्या पाण्याला एवढा खर्च कशाला? आर्क्टिक पी१२ फ्लुइड बेअरिंगचाच आहे, स्वस्तात पडतो.

खानापूरकर
पाणी ३१ च्या खाली आणायचं असेल तर थोडी हवा पाण्याच्या पृष्ठभागावरूनही जाऊदे. उन्हाळ्यात वाफ होऊन दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात मात्र ही आशा सोडा. आषाढात आमच्याकडं दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथं टँकचं पाणी कसलं उडतंय! उन्हाळ्यात पातळी रोज उतरेल. उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. भर घालताना बोअरचं घालू नका, आरओचं घाला.

गप्पी_अनगोळ
आभारी आहे अण्णा. पाती धरून हलवली, दोन्ही फॅन लडबडतात. सुताराला मागची फळी कापायला सांगितलंय. चार वायरीचा फॅन मिळाला तर?

पॅनेलवाला_उद्यमबाग
चालतोय की. प्लस-मायनस तेवढे जोडा, उरलेल्या दोन्हींना वेगवेगळी टेप गुंडाळा. ट्यूबच्या टायमरवरच फॅन देऊ नका, ट्यूब विझल्यावरही अर्धा तास चालूदे. भोक कापायच्या आधी मागच्या भिंतीपासून चार बोटं तरी अंतर आहे का बघा, नाहीतर फॅनला हवाच मिळायची नाही.