अनुभव धागा: एजंटकडून नकार आला, मग पुढं काय केलंत? (इंदूर आणि आसपासच्या लिहित्या मंडळींसाठी)

धागा सुरू करताना

इंदुरातल्या मराठी घरांतून इंग्रजीत लिहिणारी, किंवा आपल्या मराठी लेखकांना इंग्रजीत नेणारी माणसं हल्ली बरीच भेटतात. कुणी सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, कुणी लग्नाच्या पंगतीत. सगळ्यांची गाडी एकाच फाटकाशी थांबलेली: लिटररी एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणारा मध्यस्थ. मराठीत पुस्तक काढायचं तर आपण हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे धाडतो. इंग्रजीचं तसं नाही. लंडन-न्यूयॉर्कचे मोठे प्रकाशक बहुतेक एजंटमार्फत आलेलंच वाचतात, आणि आपल्याकडेही त्या वाटेनं जाणारे वाढलेत. म्हणजे प्रकाशकाच्या नकाराआधी आणखी एक नकार खायचा.

याबद्दल बोलायला इथं कुणी नसतं. पुस्तक लिहितेय म्हटलं की इंदुरात पहिला प्रश्न येतो, "विमोचन कधी?" म्हणून हा धागा. नकार कसा आला, तो दिवस कसा काढलात, नंतर काय बदललंत किंवा काय मुद्दाम बदललं नाहीत, ते लिहा. एजन्सीची नावं नकोत. आणि त्या छडीवाल्या जादूगार पोराच्या लेखिकेला किती प्रकाशकांनी परत पाठवलं, हे कृपया कुणी लिहू नये. आम्हा सगळ्यांना ते आमच्या आत्यांनी सांगितलेलं आहे.

रामबागची

माझी कादंबरी तुळसाबाई होळकरांवर आहे. यशवंतरावांच्या मागं अल्पवयीन मल्हाररावांच्या नावानं कारभार पाहणारी बाई. २० डिसेंबर १८१७ ला महिदपुराशी, शिप्रेच्या काठी, तिच्याच फौजेतल्या लोकांनी तिला मारलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजांशी लढाई झाली, होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षात राजधानी इंदुरात आली. एवढं सगळं आयतं समोर असताना यावर इंग्रजीत कादंबरी नाही याचं मला नवल वाटायचं. एजंटांना वाटलं नाही.

सुरुवातीची पत्रं शांततेत गेली. "आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा" असं बऱ्याच एजंटांच्या पानावर लिहिलेलंच असतं. पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. तारीख उलटून जाते तरी आपण रोज मेल उघडून बघतो, दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघावी तसं. मला तर वाटायला लागलं की कुणीतरी सरळ नाही म्हणावं, म्हणजे उठून घरी जाता येईल.

मग एकदा दिल्लीहून खरंखुरं, तीन परिच्छेदांचं उत्तर आलं. पानं आवडली, भाषा आवडली, लढाईच्या आदल्या रात्रीचं प्रकरण फारच आवडलं. पण अहिल्याबाईंचं त्रिशताब्दी वर्ष आहे, वाचक त्यांना ओळखतो, मग नायिका अहिल्याबाईच का करत नाही? अहो, अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. माझी गोष्ट त्यानंतर बावीस वर्षांनी घडते. हे मी त्यांना लिहिलं नाही. आईला मात्र तारस्वरात सांगितलं, आणि ती म्हणाली, "अगं पण अहिल्याबाईंवर लिही की, पुण्याचंच काम आहे."

राग उतरल्यावर ते पत्र पेन्सिल घेऊन वाचलं. बाजाराबद्दल काय म्हटलंय आणि लिखाणाबद्दल काय, हे वेगळं काढलं. बाजाराबद्दलच्या ओळींवर मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं, आणि पत्राचा बराच भाग तोच होता. लिखाणाबद्दलचा भाग चांगला होता. तो नकार आहे म्हणून आपण तो चांगला भागही खोटा समजतो, हा उफराटा न्याय आहे. एकानं वेळ काढून लिहिलंय की ते प्रकरण चांगलं उतरलंय, ते मी ठेवून घेतलं. पुढच्या पत्रांत पहिलीच ओळ त्या रात्रीची टाकली. होळकरांचा वंशवेल खाली नेला.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवरून, माझं रोजचं जाणं आहे. तिथं मल्हाररावांच्या आई कृष्णाबाई आहेत, तुकोजीराव दुसरे आहेत, शिवाजीराव आहेत. तुळसाबाई नाहीत. नकाराच्या दिवशी मला त्याचीच चिडचिड जास्त होते, आणि चिडून का होईना, संध्याकाळी लिहायला बसते.

एक्सेलवाला भिया

रामबागताई, सही लिहिलंत. मी सुपर कॉरिडॉरवर कोड लिहितो आणि रात्री सायन्स फिक्शन, त्यामुळे माझं दुःखसुद्धा शीटमध्ये आहे.

माझा प्रॉब्लेम घड्याळाचा होता. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ-साडेदहा तास मागं. तिथलं ऑफिस उघडतं तेव्हा इथं संध्याकाळ, बंद होतं तेव्हा मध्यरात्र उलटलेली. म्हणजे नकार नेमका कधी येणार? सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात दोस्तांबरोबर भुट्ट्याचा कीस खाताना. एकदा तर तळलेल्या गराडू कंदाची प्लेट हातात, तोंडात चटका, आणि फोनवर "तुमचं लिखाण आमच्या यादीत बसत नाही". दोस्त विचारतात, भिया, तिखट लागलं का? हो म्हटलं.

मग या कामासाठी वेगळा ईमेल काढला, तो फोनवर ठेवलाच नाही. शनिवारी दुपारी लॅपटॉपवर उघडतो. इतर दिवशी जगात काय चाललंय ते मला माहीत नसतं. याच्याइतका फायदा मला दुसऱ्या कशाचाच झाला नाही, ध्यान-बिन सगळं करून बघितलंय.

दुसरं म्हणजे, सगळ्यांना एकदम पाठवायचं नाही. थोडे थोडे एजंट घ्यायचे, उत्तरं येऊ द्यायची, मग पुढचे. शीटमध्ये मी नकाराची जात लिहितो. नुसतं पत्र वाचून सगळेच नाही म्हणत असले तर क्वेरी लेटर, म्हणजे एजंटला धाडायचं ते पहिलं पत्रच, बघायचं. पत्र वाचून पानं मागवतात आणि मग नाही म्हणतात, तर पहिली प्रकरणं बघायची. पूर्ण मॅन्युस्क्रिप्ट मागवून नकार आला तर दोष पुढं कुठंतरी आहे, किंवा दोष नाहीच, त्या माणसाचा जीव जडला नाही एवढंच. या शेवटच्याला शीटमध्ये इलाज नाही. पण पहिल्या दोन्हींत निदान कुठं हात घालायचा ते कळतं.

निवृत्त मास्तर

आपणां तरुण मंडळींचे वाचून मौज वाटली. आम्ही 'साभार परत'च्या काळातले. कथेबरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडावे लागे. म्हणजे आपल्याच हस्ताक्षरातला पत्ता पोस्टमन दारात आणून देई आणि पाकिटाची जाडी पाहूनच घरच्यांना निकाल समजे. उघडण्याचीही गरज नसे. आमच्या सौभाग्यवती ते पाकीट न बोलता दिवाणखान्यातल्या घड्याळाखाली ठेवीत आणि त्या दिवशी जेवणात श्रीखंड असे. पुढे मुलांना नियम कळला. पोस्टमन आला की ती जाड पाकीट आहे का पाहायला धावत.

एजंट ही संस्था मला ठाऊक नाही. पण दूरचा समजला जाण्याचा अनुभव आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलने ज्या गावात झाली, त्या गावचा लेखक पुण्या-मुंबईच्या अंकात 'बृहन्महाराष्ट्रातील लेखक' या सदरातच का छापला जावा, हे मला आजवर उमगलेले नाही. एका संपादकांनी लिहिले होते की आपल्या कथेतील मराठीस हिंदीचा वास येतो. ती कथा जेल रोडवरच्या दुकानात घडत होती. तिथे कसला वास यायला हवा होता?

मी ती भाषा बदलली नाही. पाकीट तेवढे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्त्यावर रवाना केले. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावे, हा शिष्टाचार मात्र कटाक्षाने पाळला.

एक्सेलवाला भिया

मास्तर, साष्टांग. पण शेवटची गोष्ट इथं उलटी आहे. एजंटांना एकाच वेळी अनेकांकडे पाठवलेलं चालतं, ते धरूनच चालतात. फक्त एकानं हो म्हटलं की बाकीच्यांना लगेच कळवायचं. एकेकाकडे पाठवून तीन-तीन महिने थांबलो तर पुस्तक नातवांच्या विमोचनाला येईल. आणि श्रीखंडाचा नियम आजपासून आमच्या घरी लागू.

मूळ मराठी, हात माझा

मी अनुवाद करते. माझा पहिला नकार लिखाण न वाचताच आला, कारण एजंटचा पहिला प्रश्न होता, हक्क कुणाकडे आहेत? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, आणि अनुवादाचा हक्क त्यातच येतो. माझे लेखक माळव्यातले, जाऊन तीसेक वर्षं झालेली. वारस तीन: एक देवासला, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत. देवासच्या काकूंनी चहा पाजून सही दिली. पुण्याच्या भावांनी आधी देवासच्या काकूंनी काय सही केली ते दाखवा म्हटलं. मधे कुठलीशी जुनी वाटणी निघाली. त्यात मी अनुवादक कमी आणि पंच जास्त झाले होते.

परवानगीपत्रं जमली, एजंटनं पानं वाचली आणि नकार आला की कथासंग्रह विकले जात नाहीत, कादंबरी असती तर पाहिलं असतं. पुढं २०२५ मध्ये इंटरनॅशनल बुकर कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळालं. पन्नास हजार पौंड, लेखिकेला आणि अनुवादिकेला निम्मे निम्मे. मी त्या एजंटला अतिशय सभ्य मेल केला. त्याचं उत्तर आलेलं नाही. पण मेल लिहिताना मजा आली, आणि मला वाटतं ती मजा घ्यायचा आपल्याला हक्क आहे.

मला सांभाळलं ते एका गोष्टीनं. संग्रह एकगठ्ठा धरून बसण्याऐवजी एकेक कथा इंग्रजी मासिकांना पाठवायला लागले. तिथंही नकार येतात, पण मधेच एखादी छापून येते, आणि ती पुढच्या एजंटच्या पत्रात लिहिता येते. देवासच्या काकूंना छापील कथा नेऊन दिली. त्यांना इंग्रजी येत नाही. नाव मात्र बोट ठेवून वाचलं त्यांनी.

बायको लिहिते

लिहिणारा मी नाही, पण अनुभव आहे. ज्या घरात कुणी एजंटच्या उत्तराची वाट बघतंय तिथल्या इतरांसाठी सांगतो: "आलं का काही?" विचारू नका. आलं तर तुम्हाला कळेलच. माझ्या आईनं सूनबाईला देवीचा नवस सुचवला, तेव्हा सूनबाई हसली आणि मग आत जाऊन रडली. मी मधे पडलो नाही. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणून ठेवतो आणि मुलांना घेऊन बाहेर जातो. तिला माझ्याकडून दोन तास रिकामं घर एवढंच हवं असतं.

सावध

थोडक्यात. सतत नकार आल्यावर एकाकडून होकार आला आणि त्यानं वाचनाची फी मागितली. मग संपादनाची. मी दिली नाही, कारण बहीण वकील आहे. खरा एजंट पुस्तक विकलं गेलं की त्यातून कमिशन घेतो, साधारण पंधरा टक्के, परदेशी हक्कांवर वीस. आधी पैसे मागणाऱ्याचा होकार हा होकार नसतो. नकारांनी थकलेल्या माणसालाच हे लोक गाठतात, म्हणून इथं लिहिलं.

पलासियाची ताई

मला एजंट मिळाली. पेढे वाटले, सासरे लगेच 'आपल्या सूनबाईंचं पुस्तक' म्हणून सांगत सुटले. कुणी सांगितलं नव्हतं की यानंतर एजंट ते संपादकांकडे पाठवते आणि ते संपादकही नाही म्हणतात. हे नकार जास्त लागतात. आता आपल्याबरोबर आणखी एक माणूस हरतोय असं वाटतं, आणि सासऱ्यांना बातमी तर आधीच दिलेली असते.

एजंटनं विचारलं, नकार जसे येतील तसे कळवू, महिन्याचे एकत्र कळवू, की फक्त होकार कळवू? असं विचारतात हे मला नवीन होतं. मी आधी सगळे मागवले. दोन संपादकांनी एकमेकांच्या अगदी उलट कारणं दिली होती. एकाला शेवट घाईचा वाटला, दुसऱ्याला लांबलेला. तेव्हा म्हटलं, आता फक्त होकार कळवा. सध्या काहीच बातमी नाही. दुसरी कादंबरी निम्म्यावर आली आहे आणि ती पहिलीपेक्षा बरी आहे, हे मी सासऱ्यांना सांगितलेलं नाही.

रामबागची

ताई, तुमच्या एजंटना ऐतिहासिक चालतं का?

पलासियाची ताई

चालतं. आत्ता सबमिशन, म्हणजे नवीन लिखाण घेणं, बंद आहे, उघडलं की इथं सांगते. पत्र मला आधी दाखवा. आणि सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, एका पानात लागतो.

रामबागची

एका पानात होळकरशाही बसत नाही हो.

पलासियाची ताई

बसवा.