मदत हवी आहे: 'लक्षात आलं'च्या आधी काय लावू?

कथा लिहितेय आणि एका सीनवर गाडी अडलीये. बहीण दार उघडते आणि भावाच्या बोटात अंगठी नाहीये हे तिच्या लक्षात येतं, पण कसं येतं? 'अचानक' फार जोरात वाटतं, 'बारकाईने' तर नकोच कारण बारकाईने आपण बघतो, तसं लक्षात येत नाही ना. 'सहज' बरंय पण ते नजर जाण्याला शोभतं, मग 'सहज नजर गेली आणि चटकन लक्षात आलं' असे दोन तुकडे करू का? पण मला ते हळूहळू उमगायला हवंय, आधी बोटावरचा फिकट पट्टा दिसतो, मग अर्थ लागतो. की क्रियाविशेषण काढूनच टाकू आणि नुसता पट्टा दाखवू? प्लीज सांगा, शक्यतो अख्खं वाक्य लिहून.