कराटे स्पर्धेला १६ दिवस: वजन उतरवू की वरच्या गटात खेळू?

बुटीबोरीवाला:
नमस्कार मंडळी. वय २७, घर मानेवाड्याला, बुटीबोरीत शिफ्टची नोकरी. चार वर्षांपासून कराटे, ब्राऊन बेल्ट. १६ दिवसांनी मानकापूरच्या क्रीडा संकुलात स्पर्धा आहे. नाव दिलं ६० किलोखालच्या गटात आणि काटा दाखवून राहिला ६२.४. क्लासमधला एक जण म्हणतो, शेवटचे दोन दिवस पाणी बंद कर, रेनकोट घालून अंबाझरीला पळ. मे महिन्यात, नागपुरात!

पण खरं सांगू का, वजन राहू द्या, मागच्या स्पर्धेचं डोक्यातून जात नाही. नाव पुकारलं आणि हात बर्फ झाले. समोरचा काही भारी नव्हता, तशा पोरांना मी क्लासात रोज ग्याकू (मागच्या हाताचा ठोसा) मारतो. मी नुसता मागे सरकत गेलो. ८-०. आठची आघाडी झाली की फाइट तिथंच संपते, तीन मिनिटं पुरती उभासुद्धा राहिलो नाही. आई वर डबा घेऊन बसली होती. आता रात्री डोळा लागला की 'आका' (लाल बाजूचा खेळाडू) असा पुकारा ऐकू येतो. काय करावं?

तर्रीपोहे:
आधी सावजी बंद कर बे, बाकी मग बोलू.

बुटीबोरीवाला:
सावजी महिन्यातून एकदाच, देवाशप्पथ. नाइट शिफ्टला समोसे होतात ते खरं.

जुना ज्युदोवाला:
अरे-तुरे करतो, माझा पोरगा तुझ्याएवढा आहे. पहिला प्रश्न: ६२.४ कधी मोजलं? जेवल्यावर की सकाळी पोट साफ झाल्यावर? कपड्यांसकट? एकाच काट्यावर, एकाच वेळी आठवडाभर मोज, मग बोल. नुसत्या वेळेच्या फरकाने किलोभर इकडेतिकडे होतं.

पाणी तोडायचं नाव काढू नकोस. मी कॉलेजात असताना अंगाला प्लास्टिक गुंडाळून गच्चीवर उन्हात बसलो होतो, दोन दिवसांत तीन किलो. वजनाला पास झालो आणि पहिल्याच फाइटमध्ये पोटरीत असा गोळा आला की समोरच्याने मला पोत्यासारखं उचलून टाकलं. तेवढ्यावर भागलं हा नशिबाचा भाग समज. १९९७ मध्ये अमेरिकेत असाच घाम काढताना कॉलेजचे तीन पैलवान मेले, महिना-सव्वा महिन्याच्या आत. घाम गेला की रक्तातलंच पाणी कमी होतं, हृदय धावत सुटतं आणि अंग थंड करायला घाम उरत नाही. आपल्याकडे तर बाहेर ४५ असतं. आणि एवढं सोसूनही काटा ऐकेलच असं नाही, पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी बाद झाली ते आठव.

सरळ वरच्या, ६७ किलोखालच्या गटात खेळ. नाव बदलता येतं का ते आजच विचार. येत नसेल तर समोसे, गोड आणि रात्रीचा भात बंद, आदल्या दिवशी मीठ आणि पालेभाज्या कमी. तेवढ्याने उतरलं तर उतरलं, नाही तर ही स्पर्धा सोड.

शेवटच्या आठवड्यात सरावाची वेळ निम्मी कर, वेग मात्र तोच ठेव. हौसेने स्पर्धेच्या तीन दिवस आधी चार तास फाइट करणारे मी पाहिलेत, मॅटवर येतात ते पाय ओढत.

हात गार पडणारच. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून पडतात, त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. तुझी गडबड अशी की क्लासात तू अंग तापल्यावर, ओळखीच्या पोरांशी खेळतोस. उद्यापासून कुणाला तरी तुझं नाव मोठ्याने पुकारायला लाव. कोपऱ्यात दहा मिनिटं नुसता बस, मग उठ, वाक, आणि समोरच्याला दोन पॉइंट आधीच देऊन फाइट सुरू कर. पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं ते आजच ठरव. 'हाजिमे' (सुरू करा) झालं की माझा उजवा हात त्याच्या कॉलरवर, एवढंच मी ठरवलेलं असे. तू पाऊल पुढे टाक. पॉइंट मिळो न मिळो.

सेमिनरी हिल्सची काकू:
माझी मुलगी तायक्वांदो खेळते, म्हणून स्पर्धेच्या दिवसाचं सांगते. सकाळी नऊचा नंबर दुपारी दोनला लागतो. पोरं नऊला वॉर्मअप करतात आणि मग फरशीवर बसून गार होतात. तुझ्याआधी चार-पाच फाइट उरल्या की पुन्हा अंग तापव, तोवर बूट काढू नकोस. केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेव, घोट-घोट पीत राहा. लाल आणि निळे दोन्ही ग्लोव्हज घे, मुलीच्या क्लासचा एक पोरगा गम शील्ड (दातांवरचं कवच) विसरला होता, ऐन वेळी उसना कोण देतो? आणि आईला येऊ दे रे. डब्यात फक्त तेलकट नको म्हणावं.

बुटीबोरीवाला:
पाच दिवसांनी लिहितो आहे. सकाळी उपाशीपोटी ६१.५ भरतं. तरी ६७ मध्ये नाव टाकलं, शुक्रवारपर्यंत बदलू देत होते. सरांना फोनवर सांगितलं तर आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ६७ ची पोरं उंच असतात, लांबून मावाशी (गोल फिरवलेली लाथ) येते, उद्या साडेपाचला ये. काल पोरांनी नाव पुकारलं तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. हात गार पडलेच, पण पाऊल पुढे गेलं.